जांभई आणणारं संगीत शिकताना

उजव्या हाताची नखं वाढवायची, डाव्या हाताची मुळापर्यंत कापायची. गुछिन हे जुनं चिनी तंतुवाद्य शिकायला लागले तेव्हा लाओशींनी, म्हणजे माझ्या बाईंनी, दिलेली ही पहिली सूचना, आणि तिनंच माझी पहिली पंचाईत केली. मी तैवानातल्या शिंचू शहरात चिपच्या कारखान्यात काम करते. क्लीनरूममध्ये शिरताना एकावर एक दोन हातमोजे चढवावे लागतात. वाढलेल्या नखांनी आतला मोजा फाटायचा, मग बाहेर या, पुन्हा धुवा, पुन्हा चढवा. सुपरवायझरनं एकदा माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, एकाच हाताची नखं वाढवायची ही तुमच्या धर्मातली काही रीत आहे का? मी म्हटलं, माझ्या नाही, तुमच्या.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. शाळेतून येताना दारात वाळत टाकलेले भोपळे ओलांडत यायचं आणि कारागीर जवारी लावत, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवत, बसलेले दिसायचे. एकच तार, पन्नासदा छेडलेली. बाबा भजनी मंडळात गायचे आणि त्यांचा कान असा तिखट, की शेजारच्या घरातली पेटी एखाद्या सुरात बोलत नसली तर यांना जेवण जात नसे. मी मात्र काहीच शिकले नाही. अभ्यास, इंजिनिअरिंग, नोकरी, मग हे वाऱ्याचं गाव. शिंचूला वारा इतका, की इथले लोक तांदळाच्या शेवया वाऱ्यावर वाळवतात आणि त्यावरच गावाचं नाव झालंय. पाळ्यांची नोकरी, परकी भाषा, संध्याकाळी एकटी खोली. कुठंतरी मन मोकळं करावं म्हणून वाद्य शिकायचं ठरवलं. गुछिनच का, तर आवाज इतका लहान की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू जात नाही. एवढंच कारण.

वाद्य दिसायला अगदी साधं. सुमारे चार फूट लांबीचा काळपट लाखेचा पाट, त्यावर सात तारा. पडदे नाहीत, घोडी तारांच्या मधे नाही. पलीकडच्या कडेला शिंपल्याचे १३ ठिपके, वर्षाचे १२ महिने आणि एक अधिक महिना. सगळ्यांत जाड तार आपल्यापासून लांब, सगळ्यांत बारीक पोटाशी. पूर्वी तारा रेशमाच्या असत, आता बहुतेक ठिकाणी नायलॉन गुंडाळलेल्या पोलादाच्या. लाओशींकडे एक रेशमी तारांचं वाद्य आहे. ते त्या पावसाळी दिवसांत कापडात गुंडाळून ठेवतात आणि त्याच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

पहिले दोन महिने फक्त मोकळ्या तारा. मधल्या बोटानं आत ओढायचं, तर्जनीनं बाहेर सारायचं. उजव्या हाताची करंगळी वापरायची नाही; तिला चक्क ‘निषिद्ध बोट’ म्हणतात. मी विचारलं, का? लाओशी म्हणाल्या, ‘छिन म्हणजे जिन.’ वाद्याचं नाव छिन, आणि जिन म्हणजे आवर घालणं. हा शब्दखेळ त्यांचा नव्हे. इ.स. ७९ मध्ये चीनच्या हान घराण्याच्या दरबारात विद्वानांची जी चर्चा झाली, तिच्यावरून तयार झालेल्या ग्रंथात तो आहे. हे वाद्य वाईट वासनांना आवरतं आणि माणसाचं मन सरळ करतं, असं तिथं म्हटलंय. मी मनात म्हटलं, झालं. मोकळं व्हायला आले आणि आवरायच्या क्लासात येऊन पडले.

एका आठवड्यात कारखान्यात वेफरची, म्हणजे ज्यांवर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांची, एक खेप वाया गेली. चूक माझी नव्हती, पण खापर माझ्यावर फुटलं. त्या संध्याकाळी मी क्लासला गेले, बसले आणि तारा अक्षरशः बडवल्या. लाओशींनी थांबवलं नाही. सगळं झाल्यावर उठल्या, आतून झेरॉक्सची काही पानं घेऊन आल्या आणि समोर ठेवली. ‘युएजी’, संगीताविषयीची टिपणं. हान काळात सिद्ध झालेल्या, कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ‘लीजी’ या विधींच्या ग्रंथातलं हे एक प्रकरण. माझी चिनी कारखान्यापुरती. जुनी भाषा मला कुठली झेपायला! त्या एकेक ओळ आजच्या बोलीत सांगत गेल्या.

पहिलीच ओळ ऐकून मी टाळी वाजवायची बाकी राहिले. सगळे स्वर माणसाच्या मनातून उपजतात. मन हलतं ते बाहेरच्या वस्तूंमुळे, आणि हललेलं मन आवाजात आकार घेतं. मी म्हटलं, हेच तर मी आत्ता केलं! लाओशी म्हणाल्या, पुढं ऐक. पुढं सहा भाव येतात. मनात दुःख असेल तर आवाज कोरडा आणि विझत जाणारा. सुख असेल तर ऐसपैस, सावकाश. हर्ष असेल तर उसळून पांगणारा. राग असेल तर खरखरीत आणि कडक. आदर असेल तर सरळ, स्वच्छ. प्रेम असेल तर मिळून येणारा, मऊ. ‘तू आज चौथा वाजवलास,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला एकच मोकळी तार सहा तऱ्हांनी छेडायला लावली. राग लगेच जमला. आदर काही केल्या जमेना. प्रत्येक वेळी तो भीतीसारखा वाजायचा.

पण त्या ग्रंथातलं मर्म त्या यादीत नाही, यादीनंतरच्या वाक्यात आहे. हे सहा भाव म्हणजे माणसाचा मूळ स्वभाव नव्हेत. वस्तूंचा स्पर्श झाल्यावर ते हलतात. म्हणून पूर्वीचे राजे मनाला हलवणाऱ्या गोष्टींविषयी जपून असत. विधींनी इच्छेला वाट द्यायची, संगीतानं आवाज जुळवायचे, शासनानं वागणं एकसारखं करायचं, शिक्षेनं दुष्टपणा अडवायचा. चारींचं टोक एकच. संगीत आणि शिक्षा एका ओळीत! मला ते ऐकून थोडं धस्सच झालं.

पुढं तर सगळ्या तारांचाच समाज केलेला. पाच स्वर: पहिला राजा, दुसरा मंत्री, तिसरा प्रजा, चौथा कामकाज, पाचवा वस्तू. पहिला बिघडला तर राजा उद्धट, दुसरा बिघडला तर अधिकारी सडलेले, तिसरा बिघडला तर प्रजेच्या मनात राग. गुछिनच्या पहिल्या पाच तारांना याच पाच स्वरांची नावं आहेत. उरलेल्या दोन झोऊ घराण्याच्या वेन आणि वू या राजांनी जोडल्या अशी आख्यायिका. त्या दिवसानंतर सरावाच्या वेळी तार लावताना मी मनातल्या मनात म्हणायचे, चला, आधी मंत्री पिळूया.

गंमत बाजूला, पण यातून एक गोष्ट मला खटकली ती अजून खटकते. ग्रंथ म्हणतो, नीट चाललेल्या राज्याचं संगीत शांत आणि सुखी असतं, बिघडलेल्या राज्याचं रागावलेलं, बुडत्या राज्याचं शोकाकुल. इथवर ठीक. पण सत्तेवरचा माणूस हे वाक्य उलटं वाचणारच: शोकाची गाणी बंद केली की राज्य बुडणार नाही. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा लाओशी जरा वेळ गप्प राहिल्या. त्यांचं बालपण मार्शल लॉमधलं. १९४९ ते १९८७ अशी ३८ वर्षं इथं तो कायदा होता आणि त्या काळात कितीतरी गाण्यांवर बंदी होती. कुठलं राजकीय म्हणून, तर कुठलं नुसतं मन खचवणारं म्हणून. ‘न्हाणीघरात नळ सोडून म्हणायचो आम्ही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि आईसुद्धा म्हणायची. तिला वाटायचं मला ऐकू येत नाही.’

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी झेरॉक्स आणली. बहुधा माझ्या खटकण्यावरचा उतारा म्हणून. तिसऱ्या शतकातला जी कांग हा स्वतः गुछिनचा मोठा वादक. त्याचा निबंधच आहे, आवाजात ना दुःख असतं ना सुख. तो म्हणतो, चव गोड किंवा कडू असते. मला एखादी चव आवडली म्हणून तिला ‘आनंदी चव’ म्हणणार का? आवडणं माझं, गोडपणा तिचा. तसंच सुरांचं. दुःख ऐकणाऱ्याच्या मनात आधीच दडलेलं असतं, सूर त्याला फक्त दार उघडून देतो. या जी कांगला सुमारे २६२ साली राजसत्तेनं मृत्युदंड दिला. वधस्थळी त्यानं सूर्याची सावली किती सरकलीय ते पाहिलं, छिन मागवलं, एक रचना वाजवली आणि म्हणाला, ही आता माझ्याबरोबर संपली. मला हा माणूस फार आवडला. लाओशींनाही आवडतो हे उघड होतं, पण त्या म्हणाल्या, ‘याचं पटत असेल तर मग त्या दिवशी बडवून तुझं मन मोकळं का झालं नाही?’

खरंच झालं नव्हतं. उलट त्या रात्री झोप लागली नव्हती.

मला वाटतं, कन्फ्यूशियसच्या परंपरेची खरी बाजू इथं आहे, आणि ती सगळ्यांत खणखणीत मांडली ती त्याच परंपरेतल्या शुन्झी या विचारवंतानं. त्याच्या आधी मोझी या विरोधी मताच्या विचारवंतानं संगीतावर तोफ डागली होती: घंटा ओतायला प्रजेवर कर बसतो, वाजवायला तरणीताठी माणसं लागतात, भुकेल्याला त्यातून घास मिळत नाही. आजच्या अर्थसंकल्पातही शोभेल असा हा युक्तिवाद. शुन्झीचं उत्तर एका अक्षरावर उभं आहे. चिनीत संगीत आणि आनंद यांना अक्षर एकच. ‘युए’ म्हटलं की संगीत, ‘लऽ’ म्हटलं की आनंद. आनंदावाचून माणूस राहू शकत नाही. आनंद झाला की तो आवाजातून आणि हातापायातून बाहेर पडणार. आणि बाहेर पडला, पण वळण लागलं नाही, तर गोंधळ माजणार. म्हणजे भाव दाबायचा नाहीये. त्याला पाट काढून द्यायचाय, शेतात पाण्याला काढतात तसा. बाहेर पडलेला आवाज नाहीसा होत नाही, तो ऐकणाऱ्याच्या आणि वाजवणाऱ्याच्याही मनात परत शिरतो. माझा बडवलेला राग असाच फिरून माझ्याच उशाशी आला होता.

दरम्यान माझी पहिली रचना चालू होती. नवशिक्यांना देतात ती ‘श्येन-वंग’ची छोटीशी चाल. तारा जुळल्यात का हे पाहण्यासाठीही ती वाजवतात: एकच स्वर दोन तारांवर, एक मोकळी, एक दाबलेली, आणि ‘श्येन वंग, श्येन वंग’ असं तोंडानं म्हणत जायचं. इतकी सोपी की लहान मूल शिकेल. मला तीन महिने लागले. याची लिपीही अजब. कुठली तार, कुठलं बोट, कुठल्या ठिपक्याशी, हे सगळं एका जोडाक्षरासारख्या खुणेत कोंबलेलं. पण किती वेळ, ते लिहिलेलंच नाही. लय गुरूच्या तोंडून घ्यायची. आणि डाव्या हाताचं घसरणं! तार छेडल्यावर बोट तारेवरून पुढं सरकतं आणि सूर ओढला जातो. तो विरत जातो, बोट चालतच राहतं. शेवटी उरतो फक्त बोट घासल्याचा आवाज, मग तोही नाही. मी सूर संपला की बोट उचलायचे. लाओशी हातावर हलकेच चापटी मारायच्या: ‘संपू दे की.’

माझी दुसरी खोड म्हणजे धावणं. जमायला लागलं की मी सुटायचे. त्यावरही ग्रंथात ओळ होतीच. संगीत माणसांना एकसारखं करतं, विधी वेगवेगळं करतो. एकसारखेपणातून जवळीक येते, वेगळेपणातून मान. संगीत वरचढ झालं की माणूस वाहवत जातो, विधी वरचढ झाला की दुरावतो. ही ओळ मला क्लासात कळली नाही, कंपनीच्या वर्षअखेरीच्या जेवणात कळली. गोल टेबलं, कोण कुठं बसणार हे पदानुसार ठरलेलं, साहेबांचा पेला वर गेल्यावरच बाकीच्यांचे. अर्धा तास कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग कराओके सुरू झालं आणि साहेबांनी जुनं गाणं असं काही बेसूर म्हटलं, की पहिल्या वर्षाची पोरं त्यांच्या गळ्यात गळा घालून पुढचं कडवं म्हणायला लागली. सोमवारी पुन्हा सगळे आपापल्या जागी. दोन्ही हवंच, असं म्हणणाऱ्या त्या जुन्या लेखकाला मी मनात एक गुण दिला.

‘छिन एकट्यासाठी असतं,’ लाओशी म्हणाल्या. ‘समाजाचं संगीत ऐकायचंय ना? २८ सप्टेंबरला तैपेईला जा.’ तो कन्फ्यूशियसचा जन्मदिन, इथला शिक्षकदिन. तैपेईच्या कन्फ्यूशियस मंदिरात त्या पहाटे मोठा विधी होतो. आदल्या रात्री मैत्रिणीकडे मुक्काम ठोकला आणि उजाडायच्या आत युआनशानला मंदिरापाशी पोचले. मंदिरात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली: खांबांवर, दारांवर कुठंही अक्षर कोरलेलं नाही. गुरूंच्या दारात आपलं पांडित्य कोण मिरवणार!

सहाला ढोल सुरू झाले. अंगणात चिनी परंपरेतले वाद्यांचे आठही वर्ग मांडलेले: धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, कातडं, लाकूड. भोपळा हा शब्द वाचून मी मिरजेची पोर उगाच हरखले होते आणि डोळ्यांनी तंबोरा शोधत होते. निघाला तो तोंडानं वाजवायचा शंग. भोपळ्याच्या बुडखात बांबूच्या नळ्या खोचलेलं वाद्य म्हणून त्याचा वर्ग भोपळ्याचा. गाणं सुरू करायला लाकडी पेटीवर ठोका. गाणं संपवायला लाकडी वाघ: त्याच्या डोक्यावर ठोका मारायचा आणि पाठीवरच्या दात्यांवरून काठी खर्रकन फिरवायची. मधे घंटा आणि टांगलेले दगड. प्रत्येक स्वर स्वतंत्र, लांब, एकटा. पुढचा यायला इतका वेळ लागतो, की तोवर आधीचा आपण विसरतो. मुलं पिवळ्या झग्यात, एका हातात लांब पिसं आणि दुसऱ्यात छोटी बासरी, प्रत्येक स्वराला एक मुद्रा. रांगा किती असाव्यात हाही जुना मानापमानाचा विषय. आठ रांगा, ६४ नर्तक, हा मान सम्राटाचा. लू राज्यातल्या एका सरदारानं स्वतःच्या अंगणात आठ रांगा नाचवल्या तेव्हा कन्फ्यूशियस कडाडला होता: हे खपवून घ्यायचं, तर मग काय खपवून घ्यायचं नाही?

आणि मला जांभई आली. एक नाही, ओळीनं चार. शरमेनं मी हात तोंडावर धरला. शिंचूला परतल्यावर लाओशींना खाली मान घालून सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ‘अगं, राजालासुद्धा यायची!’ वेई राज्याचा वेन हा राजा (तारा जोडणारा झोऊ घराण्याचा वेन वेगळा) कन्फ्यूशियसचा शिष्य झीश्या याला विचारतो: मी दरबारी पोशाख घालून जुनं संगीत ऐकायला बसलो की झोप लागेल अशी भीती वाटते, पण झंग आणि वेई (हे वेई दुसरं, नाव सारखं) या राज्यांतली नवी गाणी ऐकताना दमायलाच होत नाही. असं का? ही कबुलीसुद्धा त्याच ‘युएजी’त आहे. झीश्या रागावत नाही. म्हणतो, महाराज, तुम्ही विचारताय संगीताबद्दल, पण तुम्हाला आवडतो तो स्वर. ग्रंथात तीन पायऱ्या आहेत: ध्वनी जनावरांनाही कळतो, स्वर सगळ्या लोकांना, संगीत फक्त सज्जनाला. मी सगळ्या लोकांतली, हे एव्हाना सिद्ध झालं होतं.

पण त्या पहाटे मी आणखी एक पाहिलं होतं, तेही सांगितलं. दुसऱ्या रांगेतला एक बुटका मुलगा चुकला. पिसं उजवीकडे न्यायच्या ऐवजी डावीकडे. त्याच्या ते लक्षात आलं, त्यानं शेजाऱ्याकडे तिरका डोळा टाकला, शेजाऱ्यानं पिसं किंचित हलवून दाखवली, यानं दुरुस्त केलं, आणि तरी पुढचा स्वर यायला अवकाश होता. जलद संगीतात तो पोरगा हरवलाच असता. इतकं सावकाश आहे ते कदाचित यासाठीच, असं माझं मत. हे कुठल्या ग्रंथात नाही.

लाओशी यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी ‘संभाषितां’तला, म्हणजे कन्फ्यूशियसच्या संवादांच्या ग्रंथातला, एक छोटा प्रसंग काढून वाचला. मिएन नावाचा आंधळा वादक कन्फ्यूशियसला भेटायला येतो. तो पायरीशी येतो तेव्हा कन्फ्यूशियस म्हणतो, ‘ही पायरी.’ चटईशी येतो तेव्हा, ‘ही चटई.’ सगळे बसल्यावर त्याला सांगतो, अमका इथं बसलाय, तमका तिथं. तो गेल्यावर शिष्य विचारतो, वादकाशी बोलायची हीच रीत का? कन्फ्यूशियस म्हणतो, हो, त्याला वाट दाखवायची हीच रीत. वाचून झाल्यावर त्यांनी पानं मिटली आणि म्हणाल्या, ‘हं, श्येन-वंग. सुरुवातीपासून.’

महिन्याभरानं ती चाल एकदाची न धावता वाजली. मी फोनवर रेकॉर्ड करून बाबांना मिरजेला पाठवली. दोन मिनिटांचं वादन, कन्फ्यूशियस, शुन्झी, सहा भाव, सगळं समजावणारा माझा लांबलचक मेसेज खाली. रात्री उशिरा त्यांचा आवाज आला. मागं आमच्या गल्लीतली कुत्री भुंकत होती.

‘ऐकलं ग. वाद्य गोड आहे. बाकी ते तू लिहिलंयस ते उद्या चष्मा लावून वाचतो. पण तिसरी तार उतरलीय तुझी. कळली नाही होय?’

मी वाद्यावरचं कापड काढलं, पाटाखाली हात घातला आणि तिसरी खुंटी जराशी पिळली.